सांधेदुखी आणि न सांधलेले दवाखाने

२०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सहा जिल्ह्यांतील पक्षकारांना न्याय मागण्यासाठी मुंबईची वारी करावी लागू नये, या साध्या मागणीसाठी वकिलांनी, पक्षांनी आणि सामान्य नागरिकांनी चार दशके मोर्चे काढले, उपोषणे केली, कामकाज बंद ठेवले. त्या लढ्यात एक तत्त्व गृहीत होते : जो हक्क बजावण्यासाठी घरदार टाकून शेकडो किलोमीटर जावे लागते, तो गरिबाच्या बाबतीत हक्कच उरत नाही. ज्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत हे बेंच बसले, तिच्या समोरच छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. कोल्हापूरकर त्याला सीपीआर म्हणतात. जुनी माणसे अजूनही थोरला दवाखाना म्हणतात. न्यायाच्या बाबतीत जे तत्त्व कोल्हापूरने राज्यकर्त्यांच्या गळी उतरवले, ते रस्ता ओलांडून आरोग्याला लावून पाहण्याची वेळ आली आहे. मात्र तेथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. कित्येक आजारांत रोग्याला नडणारे अंतर कोल्हापूर आणि मुंबई यांच्यातले नसते. ते डॉक्टर आणि परिचारिका, औषध देणारा आणि व्यायाम शिकवणारा यांच्या दोन टेबलांमधले असते. सांध्यांचे आजार हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

'वात' या एका शब्दाखाली खेड्यापाड्यांत अनेक आजार झाकले जातात. उतारवयात गुडघे झिजतात तो एक. चिकुनगुन्याचा ताप उतरल्यावर महिनोन्‌महिने सांधे धरून राहतात तो दुसरा, आणि २००६ च्या साथीत तो महाराष्ट्राने घरोघर पाहिला. परंतु या सर्वांत क्रूर असा जो आजार, ज्याला वैद्यकात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि मराठीत सामान्यतः आमवात म्हणतात, तो म्हातारपणाचा नव्हेच. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, आणि बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, संसाराचे आणि श्रमाचे ओझे सर्वांत जड असते त्याच वयात, हा रोग माणसाला गाठतो. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. आधी दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सुजतात. आणि त्याचे सर्वांत ठळक लक्षण असे की पहाटे उठल्यावर सांधे आखडलेले असतात. मूठ वळत नाही, अर्धा तास, तास, कधी त्याहून अधिक वेळ.

हे लक्षण कोल्हापूर जिल्ह्यात काय अनर्थ करते, हे समजण्यासाठी वैद्यकाचे ज्ञान लागत नाही; पहाटे एखाद्या गोठ्यात जाऊन उभे राहावे. ज्या घटकेला बोटे सर्वांत ताठलेली असतात, त्याच घटकेला म्हशीची धार काढायची असते. दूध संस्थेचा काटा कोणासाठी थांबत नाही. १९६३ साली 'गोकुळ'ची स्थापना झाल्यापासून या जिल्ह्यातील लहान शेतकऱ्याच्या घरी उसाचे बिल वर्षातून एकदा आणि दुधाचे बिल दर दहा-पंधरा दिवसांनी येऊ लागले. घरखर्च चालतो तो या दुसऱ्या बिलावर, आणि ते बहुतांशी बाईच्या दहा बोटांवर उभे आहे. म्हशीला कासदाह झाला तर दूध संघाचा पशुवैद्य दारात येतो. ती व्यवस्था सहकाराने कष्टाने उभी केली आणि ती योग्यच आहे. परंतु धार काढणारीची बोटे सुजली, तर तिच्यासाठी येणारे कोणी नाही. जनावराच्या आजाराने दूध बुडते हे हिशेबात दिसते. बाईच्या आजाराने तिची मुलगी शाळा सोडून धारेला बसते, हे कोणत्याच खतावणीत दिसत नाही.

हुपरीत घरोघर चांदीच्या पैंजणांना डाग देणाऱ्या बायका आणि इचलकरंजीत कांडी भरणाऱ्या स्त्रिया यांची गोष्ट वेगळी नाही. बोटे हेच ज्यांचे भांडवल, त्यांच्याकडून हा रोग नेमके भांडवलच हिरावून घेतो.

असे रोगी आहेत तरी किती? पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून भिगवण या गावी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आखलेली एक पाहणी केली. प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांनी घरोघर विचारपूस केली आणि नंतर डॉक्टरांनी रोगी तपासले. सुमारे चार हजार प्रौढांपैकी शेकडा अठरा जणांना सांधे, स्नायू वा हाडांची दुखणी होती, आणि साधारण अर्धा टक्का प्रौढांना आमवात होता. अर्धा टक्का हा आकडा ऐकताना क्षुल्लक वाटतो. परंतु २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. तीतील दोन-तृतीयांश प्रौढ धरले आणि भिगवणचे प्रमाण येथे लावले, तरी आमवाताचे रोगी बारा हजारांच्या पुढे जातात. बारा हजार कामगारांचा कारखाना बंद पडला असता तर जिल्ह्यातील प्रत्येक पक्षाने फाटकावर सभा घेतली असती.

आता या रोगिणीचा नेहमीचा मार्ग पाहावा. प्रथम ती काही महिने अंगावर काढते. मग गावातला डॉक्टर वेदनाशामक गोळी देतो. तेवढ्याने भागेनासे झाले की कोणी तरी इंजेक्शन टोचतो किंवा बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणून देतो, आणि आश्चर्य असे की दोन दिवसांत बाई उठून कामाला लागते. पुडीवर 'शुद्ध आयुर्वेदिक' लिहिलेले असते. आत अनेकदा स्टेरॉइड असते. माधवनिदानासारख्या प्राचीन ग्रंथाने आमवाताला स्वतंत्र व्याधी म्हणून ओळखले होते. त्या परंपरेच्या नावावर हा धंदा चालावा, हा आयुर्वेदाचाही अपमान आहे. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. जाणत्या हाती, थोड्या मात्रेत, थोड्या काळासाठी ते फार उपयोगी पडते. पण अजाणता वर्षानुवर्षे घेतले तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि एकदम बंद केले तर जीवावर बेतते. दरम्यान सांध्यातला विस्तव आतल्या आत जळतच राहतो. योग्य उपचार पहिल्या काही महिन्यांत सुरू झाला तर बोटे वाचतात; हे महिने पुड्यांत गेले की बोटे वाकतात, आणि वाकलेले बोट कोणतेही औषध सरळ करीत नाही.

आणि तरीही या रोगाचे मुख्य औषध महाग नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मेथोट्रेक्झेट हे त्याचे नाव. ज्या संशोधनातून ते निघाले, त्याच्या मुळाशी अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात काम करणारे आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. मूळ औषध कर्करोगासाठी होते. पुढे त्याची अल्प मात्रा आठवड्यातून एकदा दिली तर आमवात आटोक्यात राहतो असे दिसून आले, आणि १९८८ साली अमेरिकेत त्या उपयोगास अधिकृत मान्यता मिळाली. कोणाच्याही मक्तेदारीत नसलेली ही गोळी आज भारतात स्वस्त मिळते. महाग आहे ती तिच्यावरची देखरेख, किंबहुना महाग म्हणण्यापेक्षा दुर्मीळ म्हणावे. ही गोळी आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, तोंडात फोड येतात, माणूस दगावूही शकतो. तिच्या जोडीला फॉलिक आम्लाची गोळी लागते. काही आठवड्यांच्या अंतराने रक्त आणि यकृत तपासावे लागते. गर्भवतीला ती देता येत नाही, म्हणून तरुण स्त्रीशी मोकळेपणाने बोलावे लागते, आणि ते बोलणे गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तीन मिनिटांत होत नाही.

आता प्रश्न असा की हे सर्व करायचे कोणी? निदान आणि औषधाची निवड डॉक्टरची. परंतु 'सोमवारी घ्या, फक्त सोमवारी' हे चार वेळा सांगणे, पाकिटावर वार लिहिणे, पुढच्या खेपेला किती गोळ्या उरल्या ते मोजणे, हे औषध देणाऱ्याचे काम. रक्ताचा अहवाल वेळेवर हाती पडणे, हे प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे. आणि रोगिणी दोन महिने फिरकली नाही तर ती बरी झाली म्हणून, की एस.टी.च्या भाड्याला पैसे नाहीत म्हणून, हे कळणे गावातल्या आशाचे. यातला एकही दुवा निसटला तर उत्तम डॉक्टरने लिहिलेली उत्तम चिठ्ठी हे विष ठरू शकते. हृदयाच्या शस्त्रक्रियेत एका कुशल हाताने बरेच निभावते. येथे मात्र अनेक साध्या हातांनी वर्षानुवर्षे एकमेकांना धरून राहावे लागते.

परिचारिकेचे स्थान या कामात विशेष आहे, आणि तेच सर्वांत दुर्लक्षित आहे. आमवात किती धुमसतो आहे हे मोजण्याची जगभर रूढ झालेली पद्धत ऐकली तर हसू येईल इतकी साधी आहे : शरीरातले अठ्ठावीस सांधे बोटांनी दाबून पाहायचे, किती दुखतात आणि किती सुजले आहेत ते मोजायचे, रोग्याला त्याच्या प्रकृतीबद्दल विचारायचे आणि रक्ताची एक स्वस्त चाचणी करायची. त्या अठ्ठावीसांपैकी वीस सांधे हाताच्या बोटांचे असतात. यासाठी यंत्र लागत नाही, सराव लागतो. ब्रिटनमध्ये परिचारिकांनी चालवलेले असे दवाखाने अनेक वर्षांपासून आहेत, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, तेथील अनेक रुग्णालयांत मिळून, परिचारिकेच्या देखरेखीखालील रोग्यांची प्रकृती संधिवाततज्ज्ञाच्या देखरेखीखालील रोग्यांपेक्षा वाईट ठरली नाही, असे आढळले. त्याच देशातून २०१५ मध्ये दुसरा निष्कर्ष आला : रोग्याच्या हाताप्रमाणे बेतलेले बोटांचे व्यायाम शिकवले तर औषध चालू असतानाही हाताची शक्ती आणखी सुधारते. म्हणजे फिजिओथेरपिस्ट आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ ही श्रीमंतांची चैन नव्हे. मनगटाला आधार देणारी साधी पट्टी कशी बांधावी, चरवी उचलताना बोटांऐवजी तळहातावर भार कसा घ्यावा, विळीला जाड मूठ कशी लावावी, हे सांगणारा माणूस हातातले काम वाचवतो, आणि हातातले काम हाच या जिल्ह्यात पोटाचा आधार आहे.

अठ्ठावीसांच्या मोजणीत पायाचे सांधे नाहीत. पण आमवात पायाची बोटेही वाकवतो, तळव्याखाली हाडे टोचू लागतात, आणि मग चालणे म्हणजे खड्यांवरून चालणे होते. येथे कोल्हापूरजवळ असे काही आहे जे लंडनजवळ नाही. पायाचे माप नजरेने घेणारे, कातडे ओळखणारे चर्मकार कारागीर पिढ्यान्‌पिढ्या येथे आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये तिची नक्कल एका इटालियन कंपनीने मिरवली तेव्हा देशभर संतापही झाला. कोल्हापुरीचा कडक तळ आमवाताच्या पायाला मानवत नाही हे खरे. परंतु मऊ रबराचा तळ, रुंद पुढा, बोटांना न टोचणारा पट्टा अशी चप्पल बेतून देण्यासाठी लागणारे कसब याच हातांत आहे. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी मऊ रबराच्या चपला देशात कित्येक वर्षे बनवल्या गेल्या. जयपूरचा कृत्रिम पाय जगभर गेला, तो डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे न शिकलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी एकत्र बसून घडवला म्हणून. मॅगसेसे पुरस्कार १९८१ साली डॉक्टरांना मिळाला. कारागिराचे नाव पुष्कळांना अजून ठाऊक नाही. आरोग्यसेवेतली जात ती हीच. बुद्धीला मान, हाताला मजुरी. आणि चपलेचा विषय निघाला की तो हात कोणाचा हे सांगावेही लागत नाही. राजर्षी शाहूंच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयात चर्मकार कारागीर उपचार-मंडळाचा सभासद म्हणून खुर्चीवर बसला, तर शाहूंच्या पुतळ्याला घातलेल्या हारापेक्षा त्याने अधिक शोभा येईल.

पण उपचार करणारे व्यवसाय आज एकमेकांकडे कसे पाहतात? २०२५ चा सप्टेंबर या दृष्टीने उद्‌बोधक आहे. फिजिओथेरपिस्टांनी नावामागे 'डॉ.' लावू नये असे पत्र केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने काढले, आणि गदारोळ होताच ते लगेच मागे घेतले. त्याच महिन्यात महाराष्ट्रात, एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी पदवीधरांची वैद्यक परिषदेत नोंद करावी की नाही, या वादावरून ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. या वादांत तथ्य मुळीच नाही असे कोणी म्हणणार नाही. अपुऱ्या शिक्षणावर औषधे लिहिण्याचा परवाना देणे हा स्वस्तातला तोडगा आहे, आणि तो गरिबाच्याच माथी मारला जातो. तरीही एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. नावामागे कोणी काय लावावे यासाठी देशभर पत्रके निघाली. एकाच रोग्याच्या एकाच कागदावर सर्वांनी मिळून लिहावे, यासाठी मात्र एकाही व्यावसायिक संघटनेने कधी संप केल्याचे स्मरत नाही. फिजिओथेरपी, व्यवसायोपचार आदी व्यवसायांना संसदेने २०२१ साली कायदा करून स्वतंत्र आयोग दिला. हे पाऊल स्वागतार्ह होते. परंतु कायद्याने प्रत्येकाला आपापली चौकट मिळते. चौकटींच्या मधली भिंत पाडण्याची तरतूद कायद्यात लिहिता येत नाही. ती रुग्णालयाच्या रोजच्या कामात करावी लागते.

आणि ती होत नाही याचे कारण केवळ अहंकार नव्हे. अहंकार हा वरचा थर आहे, खाली पैशाचा हिशेब आहे. खासगी वैद्यकात एका छपराखाली दहा पाट्या लागतात, आणि रोगी एका दारातून दुसऱ्या दारात पाठवला जातो. पण प्रत्येक दारात वेगळी फी असते, आणि पुष्कळदा पाठवणाऱ्याचा 'कट' असतो. याला सहकार्य म्हणणे म्हणजे टोळीला सहकारी संस्था म्हणण्यासारखे आहे. सरकारी बाजूला हिशेब निराळा, पण निष्पत्ती तीच. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांचे पैसे देते. शस्त्रक्रियेला दर आहे; वर्षानुवर्षे दर महिन्याला रोग्याचे सांधे मोजण्याला दर नाही. बोटे वाकण्यापूर्वीच्या दहा भेटींना सरकारी तिजोरीत नाव नाही. तिशीपुढील सर्वांची गावोगाव तपासणी करण्याचा जो कार्यक्रम आहे, त्यात रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग यांवर भर आहे. सांध्यांचे आजार त्या पाचांत बसत नाहीत. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारचे अपंगत्व मान्य केले. त्यात आमवात नावाने नाही. सांधे कायमचे निकामी होऊन हालचालीचे अपंगत्व ठरावीक टक्के भरले, तरच प्रमाणपत्र मिळते. म्हणजे बोटे सुजलेली असताना बाई शासनाला दिसत नाही. ती वाकून निरुपयोगी झाली की मग दिसू लागते.

एक आक्षेप पक्षाच्या बैठकीतही निघेल, आणि तो हलका नाही. जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नाही, सर्पदंशावरची लस वेळेवर मिळण्याची खात्री नाही, तेथे संधिवातासाठी परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि चर्मकार यांचे मंडळ मागणे म्हणजे भाकरीऐवजी केक मागणे नव्हे काय? याचे उत्तर असे की हे मंडळ तज्ज्ञांच्या विपुलतेतून नव्हे, त्यांच्या टंचाईतून सुचलेले आहे. संधिवाताचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत गोळा झालेले आहेत आणि पुढील वीस वर्षांत ते चंदगडला किंवा गगनबावड्याला जाऊन राहतील अशी आशा कोणी बाळगू नये. म्हणूनच तज्ज्ञाचे ज्ञान इतर हातांत वाटून द्यावे लागते. महाराष्ट्राने हे करून दाखवले आहे. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका बनवले. अलिबागजवळ मांडवा भागात डॉ. नोशीर अंटिया या नामांकित शल्यविशारदाने त्याच दशकात गावातल्या बायकांवर विश्वास टाकला. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेने 'सर्वांसाठी आरोग्य' अशी घोषणा केली तेव्हा असे प्रयोग जगासमोर होते. पुढे जागतिक बँकेच्या काळात त्या घोषणेचे काय झाले हे वेगळे सांगायला नको. आणि मंडळ केवळ आमवाताचे राहणार नाही. मधुमेह, क्षय, पक्षाघात, मनोविकार हे सारेच दीर्घ पल्ल्याचे आजार याच रीतीने हाताळावे लागतात. सांध्यांवर बसलेली घडी तेथेही उपयोगी पडेल.

चळवळीनेही या बाबतीत आपले वर्तन तपासावे. साखर कारखान्यांच्या, गिरण्यांच्या, यंत्रमागांच्या कामगार संघटनांनी आजारपणाचा प्रश्न बहुधा नुकसानभरपाईचा प्रश्न म्हणून लढवला. हात गेल्यावर रक्कम किती, यावर करार झाले. हात जाऊ नये म्हणून कोणती व्यवस्था हवी हे मागणीपत्रात क्वचितच आले. राज्य कामगार विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली, पण धार काढणारी, ऊस भांगलणारी, घरी पैंजण जोडणारी बाई तिच्या कक्षेबाहेर आहे. संघटनेच्या सभासदत्वाच्या नोंदवहीतही ती नसते.

कोल्हापुरात करावयाचे काम या पार्श्वभूमीवर स्पष्ट आहे. सीपीआर हे शिक्षण देणारे रुग्णालय आहे. औषधवैद्यक, अस्थिरोग, नेत्ररोग, भौतिकोपचार, प्रयोगशाळा अशा शाखा अशा रुग्णालयात असतातच. मागणी नव्या इमारतीची नाही. आठवड्यातला एक ठरलेला वार, एकच खोली, तीत या सर्वांची एकत्र बैठक, आणि रोग्याच्या हाती राहणारी एकच वही, जीत डॉक्टरपासून औषध देणाऱ्यापर्यंत प्रत्येकाने मराठीत लिहावे, ही मागणी आहे. सांधे मोजण्याचे शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना त्या कामावर कायम ठेवावे. सहा महिन्यांनी बदली करून प्रसूती विभागात पाठवू नये. गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि इचलकरंजीच्या आयजीएम रुग्णालयात महिन्यातून एकदा हेच मंडळ जावे. चंदगडची बाई शंभराहून अधिक किलोमीटर येण्याऐवजी गडहिंग्लजपर्यंत येईल, आणि मधल्या महिन्यांचे रक्त तालुक्यातच तपासले जाईल. गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम मिळाव्यात, बाहेरून आणण्याची चिठ्ठी मिळू नये.

आशांच्या बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. प्रत्येक नवी योजना अखेर त्यांच्याच पिशवीत टाकली जाते. २०२३-२४ च्या हिवाळ्यात राज्यातील आशांनी संप केला, मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडले, तेव्हा कोठे मानधनात वाढ पदरात पडली. नोकरीचा दर्जा अजून दूरच आहे. 'पहाटे मूठ वळते का, किती वेळ आखडते, दोन्ही हात सुजतात का' हे तीन प्रश्न विचारण्याचे काम त्यांनी जरूर करावे, पण त्याचा वेगळा मोबदला ठरवून घेऊनच. फुकट राबणाऱ्या बाईच्या पाठीवर दुसऱ्या राबणाऱ्या बाईचे आरोग्य उभे करणे याला समाजवाद म्हणत नाहीत.

अपंगत्व ही केवळ डॉक्टरांची बाब नव्हे, हे या शहराला नव्याने शिकवावे लागणार नाही. नसीमा हुरजूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था येथेच उभी केली, आणि 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकाला परिचित आहे. अपंगांनी अपंगांसाठी चालवलेल्या कामाचा हा अनुभव त्या एका खोलीत बसला पाहिजे. जुनी रोगीण नव्या रोगिणीला गोळीचा वार जितक्या पटण्यासारख्या शब्दांत सांगेल, तितका दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

उरला प्रश्न सुरुवात कोठून करावी याचा. गावोगावच्या दूध संस्थांच्या वार्षिक सभांत पक्षाचे कार्यकर्ते सभासद म्हणून बसतात, फॅटच्या दरावर आणि लाभांशावर भांडतात. याच सभांत ठराव मांडता येईल : संघ जनावरांच्या दवापाण्यावर जो खर्च करतो त्याच्या जोडीने, धार काढणाऱ्या स्त्रियांच्या हातांची वर्षातून एकदा तपासणी संस्थेच्या आवारात व्हावी, आणि ज्यांची बोटे सुजलेली आढळतील त्यांची नावे त्याच आठवड्यात रुग्णालयाकडे जावीत. ठराव मांडताना एक अडचण येईल. बहुतेक संस्थांत खाते पुरुषाच्या नावावर असते, आणि सभेला तोच येतो. तेव्हा ठरावाच्या आधी दुसरी उपसूचना द्यावी लागेल : सभासदाच्या नावाखाली, धार कोण काढते त्या बाईचे नावही नोंदवहीत लिहावे.